पोट, मेंदू आणि चार शीर्षके

ग्रंथाचे शीर्षक हे बहुधा त्या ग्रंथातील पहिले रूपक असते. काही वर्षांनी वाचक पुस्तकातला मजकूर विसरतो, शीर्षक मात्र त्याच्या मनात राहते आणि पुढे त्या विषयाचा विचार तो त्या शीर्षकाच्याच वाटेने करू लागतो. कथा-कादंबरीच्या बाबतीत यात फारसा धोका नाही. शास्त्रीय विषय सामान्य वाचकापर्यंत नेणाऱ्या ग्रंथांच्या बाबतीत मात्र धोका आहे, कारण तिथे रूपक हेच अनुमान समजले जाते आणि त्या अनुमानावर माणसे आपल्या घरातले निर्णय घेतात.

आतड्यातील जीवाणूंचा मेंदूवर आणि भावनांवर परिणाम होतो, हा विषय गेल्या काही वर्षांत असाच घरोघरी पोहोचला आहे. वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, व्याख्यानमाला, औषधांच्या दुकानातील रंगीत पुड्या, सर्वत्र त्याचा उच्चार होतो. या उच्चारामागे काही गाजलेले इंग्रजी-जर्मन ग्रंथ आहेत. त्यांतील चार प्रस्तुत लेखासाठी निवडले आहेत: मायकेल गेर्शन यांचा 'द सेकंड ब्रेन' (१९९८), ज्यूलिया एंडर्स यांचा 'डार्म मिट शार्म' (२०१४), एमरन मायर यांचा 'द माइंड-गट कनेक्शन' (२०१६) आणि स्कॉट अँडरसन, जॉन क्रायन व टेड डिनन या तिघांचा 'द सायकोबायोटिक रेव्होल्यूशन' (२०१७). मेंदू, मोहिनी, संवाद आणि क्रांती अशी ही चार रूपके आहेत. त्यांतले प्रत्येक रूपक पुराव्याचा भार किती पेलते, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

मराठी वाचकापुढे हा विषय येतो तेव्हा तो कोऱ्या पाटीवर लिहिला जात नाही. पोटाचे आणि मनाचे नाते आपली भाषा कधीपासून गृहीत धरून चालली आहे. भीतीने पोटात गोळा येतो, दुसऱ्याचे बरे झाले की पोटात दुखते, दूरच्या लेकराच्या आठवणीने पोटात कालवते, लेक सासरी निघाली की आईचे आतडे तुटते. सख्ख्या नात्यातला तो आतड्याचा माणूस. कळकळीने बोलणारा पोटतिडकीने बोलतो. कपटी माणसाच्या पोटात एक आणि ओठात एक असते. थोर मनाचा माणूस दुसऱ्याचे अपराध पोटात घालतो. ज्या भाषांच्या शेजारी आपली घराणी पिढ्यानपिढ्या राहिली, त्यांचीही साक्ष अशीच आहे. बेळगावकडच्या वाचकांना कन्नडमधील 'होट्टेकिच्चु' ठाऊक असेल: पोटातली आग, म्हणजे मत्सर. हैदराबादकरांच्या कानावर तेलुगूतील 'कडुपुमंट' पडले असेल: पोटाची जळजळ, म्हणजे तोच मत्सर. आणि ज्याला गुपित राखता येत नाही, त्याच्या पोटात गोष्ट पचत नाही, असे इंदूर-ग्वाल्हेरकडची हिंदी म्हणते.

या वाक्प्रचारांची व्याकरणिक घडण न्याहाळण्यासारखी आहे. त्यांचे दोन गट पडतात. गोळा येतो, कालवते, दुखते, तुटते या क्रिया माणसाच्या इच्छेवाचून घडतात. तिथे पोट आपल्यावर काही आणते. पोटात ठेवणे, पोटात घालणे या क्रिया माणूस करतो. तिथे मन पोटाकडून काही करून घेते. भाषेने येजा दोन्ही दिशांनी मानली आहे. परंतु वाक्प्रचार ही अनुभवाची नोंद असते, कारणाचा पुरावा नसतो, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. काळीज फाटते असे आपण म्हणतो. म्हणून दुःखाचे उगमस्थान काळजात आहे असे कोणी सिद्ध मानत नाही. पोटाच्या बाबतीत मात्र भाषेने आधीच अनुकूल केलेला वाचक शास्त्राचे विधान ऐकताच मान डोलावतो आणि पुराव्याची विचारणा करायला विसरतो. चारही शीर्षकांचे यश काही अंशी या सज्ज वाचकामुळे आहे.

पहिले रूपक 'दुसरा मेंदू'. गेर्शन हे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील संशोधक. आतड्याच्या भिंतीत अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत पसरलेले चेतापेशींचे जाळे हा त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय. या जाळ्याला स्वतःचे चलनवलन आहे, ही गोष्ट जुनी आहे. बेलिस आणि स्टार्लिंग यांनी १८९९ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांत दाखवले की बाहेरून येणाऱ्या चेता तोडल्या तरी आतडे आपले काम चालू ठेवते. १९१७ मध्ये जर्मनीत ट्रेन्डेलेनबर्ग यांनी शरीराबाहेर काढलेल्या आतड्याच्या तुकड्यातही तीच हालचाल पाहिली. हृदय किंवा मूत्रपिंड यांच्यात इतके स्वायत्त जाळे आढळत नाही, म्हणून 'मेंदू' या शब्दाला एक मर्यादित सार्थता आहे.

मर्यादित अशासाठी की या जाळ्यात चेतापेशी दहा कोटींहून अधिक असल्या, तरी डोक्यातल्या मेंदूत त्या सुमारे ८,६०० कोटी आहेत. आणि संख्येपेक्षा महत्त्वाचे म्हणजे आतड्यातील जाळे विचार करत नाही. ते घुसळते, पुढे ढकलते, पाझरवते, आणि वरच्या मेंदूला वार्ता पाठवते. काव्य आणि तत्त्वचिंतन हे डोक्यातल्या मेंदूचेच काम आहे, हे गेर्शन यांनीही पुढे मोकळेपणाने सांगितले. त्यांच्या ग्रंथाचे नायक जीवाणू नाहीत. चेतापेशी आणि सेरोटोनिन हे आहेत. तरीही त्या शीर्षकाचा जो अर्थ लोकांत रुजला तो असा की पोटात एक दुसरे मन दडलेले आहे आणि ते आपल्या भावना ठरवते. ग्रंथकाराचा संयम पानांत राहिला, शीर्षक दारोदार फिरले.

सेरोटोनिनचीही हीच गत झाली. शरीरातील नव्वद टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन पचनमार्गात तयार होते, हे खरे आहे. ते प्रथम सापडले तेही पोटातच: इटालियन शास्त्रज्ञ एर्स्पामेर यांनी १९३० च्या दशकात आतड्याच्या अस्तरातून ते वेगळे काढून त्याला आतड्यावरूनच नाव दिले. मेंदूत ते असल्याचे १९५३ मध्ये समजले. काही जीवाणू आतड्यातील पेशींना अधिक सेरोटोनिन निर्माण करायला लावतात, हे २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी उंदरांत दाखवले. इथपर्यंत सारे ठीक. पण आतड्यातील सेरोटोनिन रक्त आणि मेंदू यांच्यामधील अटकाव ओलांडून मेंदूत जात नाही. मेंदू आपले सेरोटोनिन स्वतः तयार करतो. 'आनंदाचे रसायन पोटात बनते' या वाक्यात रसायन खरे आहे, पोटही खरे आहे. 'आनंद' तेवढा लेखकाने पदरचा घातलेला आहे.

दुसरे शीर्षक जर्मन यमकाचे आहे: डार्म म्हणजे आतडे, शार्म म्हणजे मोहिनी. ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा एंडर्स वैद्यकाच्या विद्यार्थिनी होत्या. चित्रे त्यांच्या भगिनी यिल यांनी काढली. पुस्तक अनेक भाषांत गेले आणि त्याचा प्रचंड खप झाला. त्याचे श्रेय भाषेला आहे. शौचास बसण्याच्या पद्धतीपासून जठरातील हवेपर्यंत, चारचौघांत न उच्चारल्या जाणाऱ्या गोष्टी या लेखिकेने संकोचाविना आणि असभ्यतेविना लिहिल्या. मराठीत अशा विषयावर लिहिताना एकतर संस्कृत शब्दांचे पांघरूण घ्यावे लागते किंवा विनोदी होऊन सुटका करून घ्यावी लागते. त्या दृष्टीने या गद्याचा आमच्या लेखकांनी अभ्यास करावा.

मोहिनीचा दोष असा की ती जीवाणूंनाही माणसाळवते. उंदरांच्या पोहण्याच्या ज्या प्रयोगाची एंडर्स हकीकत सांगतात तो हा: पाण्याच्या भांड्यात सोडलेला उंदीर काही वेळ हातपाय मारतो आणि मग निश्चल तरंगतो, निश्चल होण्याचा वेळ हे 'हताशपणाचे' माप मानले जाते. आयर्लंडमधील कॉर्क येथील क्रायन व त्यांचे सहकारी यांनी २०११ मध्ये दाखवले की लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस या जीवाणूचा एक विशिष्ट वाण दिलेले उंदीर अधिक काळ पोहत राहिले, त्यांच्या रक्तातील ताणाचे संप्रेरकही कमी होते. आणि आतड्याकडून मेंदूकडे जाणारी व्हेगस ही चेता ज्यांची आधीच कापली होती, त्या उंदरांत हा परिणाम दिसला नाही. प्रयोग म्हणून ही रचना उत्तम आहे. जीवाणूंचा निरोप कोणत्या वाटेने जातो हे तिने दाखवले. पण थांबलेला उंदीर हताश आहे, की निरर्थक धडपड सोडून शक्ती राखण्यास शिकला आहे, यावर शास्त्रज्ञांतच मतभेद आहेत. 'उंदीर अधिक काळ पोहला' या निरीक्षणाचे 'जीवाणूने उंदराला उमेद दिली' असे वाक्य झाले की आपण शास्त्रातून बोधकथेत आलेलो असतो.

चौघांत जास्तीत जास्त विचारपूर्वक निवडलेले रूपक मायर यांचे आहे. ते लॉस एंजेलिस येथील विद्यापीठात पोटाच्या विकारांचे तज्ज्ञ. त्यांच्या उपशीर्षकात 'संवाद' हा शब्द येतो, आणि तो वस्तुस्थितीच्या बराच जवळ जाणारा आहे. व्हेगस चेतेतील सुमारे ऐंशी टक्के तंतू खालून वर, म्हणजे पोटाकडून मेंदूकडे, वार्ता नेतात. उरलेले वरून खाली. याखेरीज संप्रेरके, रोगप्रतिकारक पेशींची रसायने आणि जीवाणूंनी तंतुमय अन्नापासून तयार केलेली आम्ले हेही दूत आहेत. आपल्या वाक्प्रचारांचे दोन गट इथे आठवावेत. शिवाय मायर रुग्णांची कहाणी ऐकून घेतात. त्यांच्या ग्रंथात पोटदुखीच्या मागे माणूस दिसतो. गेर्शन यांच्याकडे यंत्रणा आहे, एंडर्स यांच्याकडे भाषा आहे; मायर यांच्याकडे वैद्याची नजर आहे.

परंतु संवाद म्हटले की बोलणारा, ऐकणारा आणि अर्थ हे तिन्ही आले. जीवाणू बोलत नाहीत; ते अन्न मोडतात, उत्सर्ग टाकतात, वाढतात. त्याचा परिणाम आपल्यावर होतो. त्यांच्या या व्यवहारात हेतू नाही. मायर यांचा स्वतःचा गट ज्या प्रयोगात सामील होता, त्याचा निकाल २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. निरोगी स्त्रियांना चार आठवडे जीवाणूयुक्त आंबवलेले दूध दिले, आणि भावना दर्शवणारे चेहरे पाहताना त्यांच्या मेंदूच्या काही भागांचा प्रतिसाद बदललेला आढळला. प्रयोग पुरा केलेल्या स्त्रिया ३६; त्याही तीन गटांत विभागलेल्या; खर्च दुग्धपदार्थ करणाऱ्या एका कंपनीचा. त्यांच्या मनःस्थितीत सुधारणा झाली, असे या प्रयोगाने दाखवलेले नाही. बदलले ते यंत्राने टिपलेले चित्र. पहिले पाऊल म्हणून याचे मोल आहे. 'दही खा आणि मन शांत ठेवा' या घोषणेला मात्र त्याचा आधार पुरत नाही.

चौथे शीर्षक क्रांतीची ग्वाही देते. 'सायकोबायोटिक' हा शब्द डिनन, स्टँटन आणि क्रायन यांनी २०१३ मध्ये रूढ केला: योग्य प्रमाणात घेतल्यास मानसिक रुग्णाला लाभ देणारा सजीव जीवाणू, अशी त्याची व्याख्या. व्याख्या आधी आली, त्या व्याख्येत निःसंशय बसेल असा जीवाणू अद्याप दाखवायचा आहे. ज्या वाणाने उंदरांना अधिक पोहायला लावले, तोच वाण कॉर्कच्या त्याच गटाने २९ निरोगी पुरुषांना दिला. चार आठवडे जीवाणू, चार आठवडे दिसायला तशीच पण जीवाणू नसलेली वस्तू. मनःस्थिती, चिंता, ताण, स्मरण, कशातही फरक पडला नाही. हा निकाल त्यांनी २०१७ मध्ये स्वतःच प्रसिद्ध केला आणि त्या निबंधाच्या शीर्षकात प्रश्नचिन्हासह विचारले: भाषांतरात हरवले काय? वैद्यकात प्राण्यांवरील ज्ञान माणसाला लागू करण्याला भाषांतर म्हणतात. चौघांच्या शीर्षकांपेक्षा हे पाचवे शीर्षक प्रस्तुत लेखकाला अधिक मोलाचे वाटते. ज्यांच्या ग्रंथावर 'क्रांती' छापले गेले, त्याच शास्त्रज्ञांनी त्याच वर्षी हे प्रश्नचिन्हही छापले. बाजारात मात्र पहिला शब्द पोहोचला. दुसऱ्याला कोणी जाहिरातदार मिळाला नाही.

येथे कोणी म्हणेल, मग हे सारे थोतांडच समजावे काय? तसे म्हणणेही तितकेच चुकीचे होईल. आतड्यातील जीवाणू माणसाचे मन बिघडवू शकतात याचे एक निर्विवाद उदाहरण वैद्यकात फार दिवसांपासून आहे, आणि आश्चर्य असे की लोकप्रिय लेखांत ते क्वचित दिसते. यकृत निकामी होत आलेल्या रुग्णाला गोंधळल्यासारखे होते. तो दिवसा झोपतो, रात्री जागतो, वार विसरतो, स्वभाव पालटतो, पुढे बेशुद्ध पडतो. आतड्यातील जीवाणू अन्नातील प्रथिनांपासून अमोनिया बनवतात. निरोगी यकृत तो गाळते, आजारी यकृताला ते जमत नाही, आणि तो मेंदूपर्यंत जातो. उपाय आतड्यातच केला जातो: लॅक्ट्युलोज हे साखरेसारखे औषध १९६० च्या दशकापासून वापरात आहे, आणि आतड्यातच काम करणाऱ्या रिफॅक्सिमिन या प्रतिजैविकाला अमेरिकेत या विकारासाठी २०१० मध्ये मान्यता मिळाली. काल ज्याला घरची माणसे ओळखू येत नव्हती तो या उपचाराने पुन्हा ओळखू लागतो. काळीज या शब्दाचा मूळ अर्थ यकृत. त्या काळजाचा आणि शुद्धीचा संबंध इतका थेट आहे.

या उदाहरणाने कसोटी हाती येते. येथे कारण कोणते ते ठाऊक आहे, वाट ठाऊक आहे, ती अडवली की परिणाम थांबतो, आणि हे उंदरात नव्हे तर माणसात दिसते. नैराश्याबाबत असे म्हणण्याची वेळ आलेली नाही. बेल्जियममधील १,०५४ लोकांच्या पाहणीत, २०१९ मध्ये, नैराश्यग्रस्तांच्या आतड्यात कॉप्रोकोकस आणि डायालिस्टर हे जीवाणू कमी आढळले. पण नैराश्यात माणसाची भूक, झोप, हिंडणेफिरणे सारेच बदलते; जीवाणू कमी झाल्याने मन खचले, की मन खचल्याने ताट बदलले आणि ताटामुळे जीवाणू बदलले? स्वमग्न मुलांविषयी हाच प्रश्न ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०२१ मध्ये तपासला, तेव्हा बाण उलटा निघाला: मुलांच्या खाण्याच्या ठरावीक आवडीनिवडींमुळे आहार आकुंचित होतो आणि त्यामुळे जीवाणूंची विविधता घटते, असे त्यांच्या निरीक्षणांवरून दिसले. ज्या आयांना 'तुमच्या मुलाचे पोट सांभाळले असते तर' असे ऐकवले गेले, त्यांच्यासाठी हा केवळ तांत्रिक तपशील नाही.

आमच्याकडे याच विषयाला आणखी एक वळण मिळते. 'हे तर आमच्या ऋषींनी आधीच सांगितले होते' असे म्हणून टाळी घेतली जाते. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायातील आरुणी आणि श्वेतकेतू यांचा प्रसंग या संदर्भात खरोखरच वाचण्याजोगा आहे. मन हे अन्नाचे बनलेले आहे, असे पिता सांगतो. पुत्राला ते पटावे म्हणून पंधरा दिवस केवळ पाण्यावर राहायला लावतो. सोळाव्या दिवशी पुत्राला वेद आठवत नाहीत. तो जेवतो, आणि सारे पुन्हा स्फुरते. काढून घेणे, पाहणे, परत देणे, पुन्हा पाहणे ही या प्रसंगाची रचना आहे. जपानमध्ये सुदो व त्यांचे सहकारी यांनी २००४ मध्ये केलेल्या प्रयोगाची रचना हीच होती: जन्मापासून जीवाणूविरहित वाढवलेल्या उंदरांत ताणाचे संप्रेरक अतिरेकाने वाढले, विशिष्ट जीवाणू दिल्यावर ते आटोक्यात आले. उपनिषदाचा गौरव त्याच्या या प्रश्न विचारण्याच्या रीतीत आहे. त्यात जीवाणू शोधणे म्हणजे आरुणीला न समजलेले त्याच्या तोंडी घालणे, आणि त्याने जे खरोखर केले ते न पाहणे.

रूपक बेफाम सुटले तर काय होते, याला इतिहास साक्षी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी आतड्यातील जीवाणूंचे विष अंगात भिनून अनेक रोग होतात, ही कल्पना युरोप-अमेरिकेत प्रतिष्ठित होती. १९०८ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी मेचनिकॉफ यांनी मोठ्या आतड्यातील कुजणे हेच वार्धक्याचे कारण मानले आणि आंबवलेल्या दुधाचा पुरस्कार केला. ताक-दही पिऊन कोणाचे बिघडले नसेल. पण लंडनमध्ये आर्बथनॉट लेन यांनी त्याच कल्पनेच्या बळावर रुग्णांची मोठी आतडी कापून काढली. आणि अमेरिकेतील ट्रेंटन येथील मनोरुग्णालयाचे १९०७ पासून १९३० पर्यंत प्रमुख असलेले हेन्री कॉटन यांनी वेडाचे मूळ शरीरातील जंतुसंसर्गात आहे असे ठरवून रुग्णांचे दात, टॉन्सिल आणि शेवटी आतडी काढली. त्यांतील कित्येक शस्त्रक्रियेने दगावले. हे लोक भोंदू नव्हते. पुराव्याची वाट न पाहता एका आकर्षक कल्पनेवर त्यांनी पूर्ण भरवसा ठेवला, एवढेच. त्याची किंमत मात्र नकार देण्याची ज्यांची स्थिती नव्हती त्यांनी मोजली.

आज कोणी आतडी कापणार नाही. धोका अधिक सौम्य आणि अधिक घरगुती आहे. आपली घराणी पोटापाण्यासाठी देश सोडून होळकर, शिंदे, गायकवाड यांच्या पदरी गेली. परमुलखात नाव राखणे ही त्यांची पहिली चिंता होती. अशा घरांत मनाचा आजार उघड बोलण्याची रीत नव्हती. सून महिनोन्महिने खोलीबाहेर येत नसे, तिचे 'पोट बिघडलेले' असे. काका नोकरी सोडून बसत, त्यांना 'पित्ताचा त्रास' असे. पोट हा शब्द लाज झाकण्याचे काम करी. नवे शास्त्र अर्धवट ऐकले गेले तर त्याच जुन्या पडद्याला नवे, प्रतिष्ठित कापड मिळते. नैराश्याच्या रुग्णाची चालू गोळी बंद करून त्याला जीवाणूंची कॅप्सूल दिली जाते, आणि घरच्यांना आपण काही आधुनिक केल्याचे समाधान लाभते. 'मनाचे काही नाही, पोटाचेच आहे' हे वाक्य तेव्हा सांत्वन म्हणून बोलले जाते आणि उपेक्षा म्हणून भोगले जाते.

आहाराचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ६७ नैराश्यग्रस्तांपैकी काहींना बारा आठवडे भाज्या, डाळी, अख्खी धान्ये, मासे यांवर भर देणारा आहार शिकवला, इतरांशी तेवढाच वेळ गप्पागोष्टी केल्या. पहिल्या गटात सुमारे ३२ टक्के, दुसऱ्यात ८ टक्के लोक आजारातून जवळपास बाहेर आले. प्रयोग लहान आहे, आणि आपण कोणत्या गटात आहोत हे भाग घेणाऱ्यांना उघडच कळत होते. त्यांतील बहुतेकांचे इतर उपचार चालूच होते, हा तपशील सर्वांत महत्त्वाचा. आहार उपचारांच्या सोबतीला आला होता. आणि हा लाभ जीवाणूंच्या द्वारे झाला की अन्य वाटेने, ते त्यावरून ठरत नाही.

शेवटी चार ग्रंथांविषयी. गेर्शन यांचा ग्रंथ यंत्रणा समजण्यासाठी वाचावा, शीर्षक सोडून. एंडर्स यांचा भाषेसाठी वाचावा, उंदरांच्या गोष्टी सावधपणे. मायर यांचा ग्रंथ माणसांसाठी वाचावा. चौघांत तो अधिक टिकेल असे वाटते. चौथा ग्रंथ वाचणाऱ्याने त्याच्या लेखकांचा २०१७ चा तो निबंधही शेजारी ठेवावा. आपल्या शरीरात माणसाच्या पेशींच्या दहापट जीवाणू असतात, हा आकडा पुढे कुठेही भेटला तर त्या मजकुराकडे जरा संशयाने पाहावे. तो १९७२ मधील एका ढोबळ अंदाजावर उभा होता, आणि २०१६ मध्ये इस्राएलमधील संशोधकांनी नव्याने हिशोब केला तेव्हा सुमारे ३८ लाख कोटी जीवाणूंना सुमारे ३० लाख कोटी मानवी पेशी, असे जवळजवळ बरोबरीचे प्रमाण निघाले. साऱ्या जीवाणूंचे वजन पाव किलोहूनही कमी.

मराठीत या विषयावर स्वतंत्र, विचारपूर्वक लिहिलेला ग्रंथ यावा. तो लिहिणाऱ्याला शीर्षकासाठी मेंदू, मोहिनी किंवा क्रांती यांची उसनवार करण्याचे कारण नाही. पोटात येणे आणि पोटात घालणे या दोन्ही क्रिया ज्या भाषेत आधीपासून आहेत, तिला या येजेचे नाव शोधायला दूर जावे लागणार नाही. त्या लेखकाकडे मागणे एवढेच की प्रत्येक विधानाशेजारी त्याने ते उंदराविषयी आहे की माणसाविषयी, आणि बाण कोणत्या दिशेचा आहे, हे लिहावे. तेवढे लिहिले गेले तर एखाद्या घरातल्या खोलीचे बंद दार 'पोटाचे दुखणे' या शब्दांनी आणखी घट्ट लावले जाणार नाही.